ओटीतला नारळ

आमच्या घरात माळ्यावर, जुन्या घंगाळाच्या मागे, एक नारळ आहे. बायकोला वाटतं तो देवाचा आहे, म्हणून दिवाळीची झाडलोट करतानाही ती त्याला हात लावत नाही. मी तिला तसं वाटू दिलंय. तो नारळ कुणाचा, माझ्याकडे कसा आला — हे माझ्या तोंडून अजून एकाही माणसाने ऐकलेलं नाही. आईने नाही, बायकोने नाही, आणि ज्याने सगळ्यात आधी ऐकायला हवं होतं त्या बाळूने तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आमच्या जत्रेलाही तुम्ही येणार नाही.

खरं तर चार वाक्यांत सांगून होईल. पण — जमत नाही. आधी मला बाळूने काय केलं ते सांगायचंय. बघा, कशी सुरुवात केली! करणी माझी आणि पहिलं नाव बाळूचं. पण राहवत नाही, काय करू?

बाळू माझा शाळेपासूनचा मित्र. दोघंही भाजे गावचे, लेण्यांच्या पायथ्याचे, मधे फक्त चार घरं. त्याचं थोडं शेत, शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी दोन खोल्या, आणि खरी कमाई म्हणजे त्याचा आवाज. बैलगाड्यांच्या शर्यतीत घाटावर, म्हणजे गाडे पळतात त्या धावपट्टीवर, माईक धरून बोलतो तो. चैत्र लागला की मावळात जत्रा सुरू होतात, आज या गावची तर परवा त्या गावची, आणि बाळू दोन महिने घरी सापडत नाही. गाडा सुटला की त्याचं ‘भिर्रर्रर्र’ डोंगराला आपटून परत येतं. माणूस हजरजबाबी. अशा माणसाचं एक वाईट असतं — सुचलेला विनोद त्याला गिळता येत नाही, मग समोरच्याचा जीव गेला तरी चालेल.

मी लोणावळ्यात एका हॉटेलात रिसेप्शनवर होतो. इंग्रजी बरं होतं. दुबईतल्या हॉटेलात नोकरी लागली, तेव्हा गावाने देवळासमोर माझा सत्कार केला. टॉवेल, टोपी, नारळ, सगळं रीतसर. चार महिन्यांत तिकडचं हॉटेल चालेना, त्यांनी आम्हा दहा जणांना एकदम काढून टाकलं. परत आलो. कुणी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. जेवढं झाकलं जाईल तेवढं झाकायचं, एवढंच हातात होतं.

मग जत्रा आली. घाटावर आठ-दहा गावांची माणसं लोटलेली. नेमके त्याच दिवशी माझ्या लग्नाचं बघायला तळेगावकडचे पाहुणे आलेले — मुलीचे वडील आणि मामा — मांडवात पहिल्या रांगेत बसवलेले. मी त्यांच्यासाठी पाण्याच्या बाटल्या घेऊन निघालो, आणि बाळूने मला मंचावरून पाहिलं.

“आला, आला, आपला सुनील आला! गावानं नारळ देऊन दुबईला धाडला — अन् दुबईनं नारळ देऊन माघारी धाडला!”

सबंध घाट हसला. बैल धरून उभी असलेली माणसं हसली. मुलीचे मामाही हसले, आणि हसता हसता मुलीच्या वडिलांच्या कानाला लागले. कळवतो म्हणाले आणि गेले. काय कळवणार? त्या दिवसापासून मी गावात नारळ्या झालो. किराणा दुकानात नारळ्या, रिक्षा स्टँडवर नारळ्या. पोरंसोरं लांबून हाक मारून पळायची.

मी काय केलं म्हणता? मीही हसलो. चारचौघांत दुसरं काय करणार? संध्याकाळी बाळू आला, खांद्यावर हात टाकून म्हणाला, “राग न्हाई ना रं आला? तोंडातनं गेलं.” मी म्हणालो, छे. तेवढं एक ‘छे’ मी म्हणालो नसतो, त्याच्या कानाखाली एक वाजवली असती, तर पुढचं काही घडलं नसतं असं मला कधीकधी वाटतं. गिळलेला राग पचतो असं कोण म्हणतं? माझ्या तर पोटात त्याला कोंब फुटला.

पुढच्या वर्षी लूसिया आली.

ब्राझीलची. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तशी, एक मळकी निळी सॅक, तिच्या पट्ट्याला लोंबकळणाऱ्या चपला, आणि उन्हाने सोललेलं नाक. लेणी बघायला एका दिवसासाठी म्हणून आली आणि बाळूच्या खोलीत पाच आठवडे राहिली. दिवस जत्रांचे होते. तिच्या गावी कार्निव्हल असतो, आठवडाभर माणसं रस्त्यावर नाचतात म्हणे. पहिल्याच संध्याकाळी पालखीपुढचे ढोल आणि गुलाल बघून ती ओरडली, हे तर आमचंच आहे! मग काय विचारता. बाळू, मी आणि ती, दोन मोटारसायकली, रोज नवं गाव. उर्से गावच्या जत्रेत ती फेटा बांधून लेझीम खेळली. इंदुरीकडे उंच पाळण्यात बसली आणि उतरायलाच तयार होईना. तमाशाच्या तंबूत शिट्टी मारायला शिकली, रस्सा ओरपून डोळ्यांत पाणी आणलं आणि तरी वाटी पुढे केली. तमाशा सुटल्यावर लोणावळ्याला जाऊन आम्ही भुर्जीपाव खायचो, तेव्हा कोंबडे आरवायला लागलेले असायचे. खोटं कशाला बोलू, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मजेचा महिना होता.

बाळूचं इंग्रजी म्हणजे कम, गो, नो प्रॉब्लेम. तिचं मराठी म्हणजे बाळूच्या आईने शिकवलेले आठ-दहा शब्द. ही हौसामावशी तिला लुशी म्हणायची, भाकरी थापताना शेजारी बसवून घ्यायची. पानी, चुलीतला इस्तू, व्हय, न्हाई, लय. त्यातले ‘व्हय’ आणि ‘लय’ तर पोरीला इतके आवडले की ती कुठेही वापरायची. ऊन लय, रस्सा लय, बाळू लय. बाकी सगळ्याला मधे मी. तो बोललेलं मी तिला सांगायचं, ती बोललेलं त्याला. त्या दोघांचं प्रेम माझ्या तोंडातून जात होतं. तिने परतीचं तिकीट दोनदा पुढे ढकललं, तेही बाळूला मीच सांगितलं. त्याचा चेहरा असा उजळला की मला बघवला नाही.

तुम्ही म्हणाल, पोरीवर माझा डोळा असेल. नव्हता हो. तसं असतं तर निदान सांगायला सोपं गेलं असतं. मला फक्त एवढंच खुपत होतं — माझं जमत आलेलं लग्न ज्याने एका विनोदापायी मोडलं, त्याला घरबसल्या हे मिळावं? आणि तेही माझ्याच जिभेने?

आमच्या गावची जत्रा उरकली. बाळू इंदुरीकडच्या एका घाटावर दोन दिवसांसाठी गेला. त्या दुपारी हौसामावशीने मला स्वयंपाकघरात बोलावलं.

“सुनील, बाळ्या काय सोताच्या तोंडानं इचारायचा न्हाई. म्या आज तिची ओटी भरते. तू तिला नीट समजून सांग. म्हनावं, सून म्हनून भरतीया. ऱ्हाशील का म्हनावं आमच्यात.” मग आवाज उतरवून म्हणाली, “जावंला बोलवलं तर गावभर व्हईल. माज्या बिनकुंकवाच्या हातानं भरली तर चालंल का रं?”

बाळू सातवीत असताना मावशीचा नवरा गेला. तेव्हापासून तिने कुणाच्या ओटीच्या ताटाला हात लावलेला मी पाहिला नव्हता.

“चालतंय की मावशे, आता कोण मानतं?” मी म्हणालो. मनापासून म्हणालो. तिला लय बरं वाटलं. तिने कोनाड्यातला नारळ काढला, त्याची शेंडी नीट केली, पदराने पुसला. आणि मी त्या नारळाकडे बघत राहिलो. तोवर माझ्या मनात काहीही नव्हतं, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

लुशीला पाटावर बसवलं. तिने अंगातल्या सैल कुडत्याचा घोळ पुढे पसरला, मी दाखवला तसा. मावशीने कुंकू लावलं, ओंजळीने तांदूळ घातले, हिरवा खण ठेवला, वर नारळ. मग ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, “सांग आता.” लुशीही माझ्याकडेच बघत होती. हे काय आहे? — तिने विचारलं.

इथे मी नेहमी थांबतो. मनातल्या मनातही इथेच थांबतो.

मी इंग्रजीत म्हणालो — आमच्यात निघालेल्या पाहुणीची ओटी भरतात. नारळ दिला म्हणजे निरोप दिला. आमच्या भाषेत ‘नारळ देणं’ म्हणजे आता तुझं काम नाही, जा.

बघा, यातला एक तरी शब्द खोटा आहे का? निघालेल्या लेकीची ओटी भरत नाहीत? नारळ देणं म्हणजे घालवून देणं नाही? मला विचारा ना, मी नारळ्या! ज्या शब्दाने बाळूने मला भर घाटावर उघडं पाडलं, तोच शब्द मी त्याच्या घरात, त्याच्या आईच्या हातून, त्याच्याकडे परत पाठवला. मला गोड वाटलं. सगळ्या अंगातून गोड वाटलं.

पोरीचा चेहरा पडला. बाळूला हे माहीत आहे का, असं तिने विचारलं. मी म्हणालो, म्हणून तर तो दोन दिवस बाहेर गेलाय. असली कामं आमच्यात पुरुष करत नाहीत, आईवर सोपवतात. हे मात्र निव्वळ खोटं होतं. तिने मांडीतला नारळ दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाली, तिला विचार. खरंच मी जायला हवं का, एवढं तिला विचार.

मी मावशीकडे वळलो. आणि विचारलं, “मावशे, दमलीस का गं?”

“व्हय,” मावशी म्हणाली. “लय.” आणि डोळे मिटून हसली.

हे दोन्ही शब्द पोरीला येत होते.

हेच ते. मी केलं ते हे. पुढचं सगळं याच्यातूनच आलं.

लुशी उठली, मावशीच्या पाया पडली — तेही मीच शिकवलेलं. रडत होती. मावशीला वाटलं, होकार आला. तिने पोरीला उराशी धरलं, दोघी रडल्या, एक निरोपाचं आणि एक आनंदाचं. “काय म्हनती रं?” मावशीने मला विचारलं. मी म्हणालो, विचार करून सांगते म्हणते. “करू दी, करू दी,” मावशी म्हणाली आणि गूळ आणायला आत गेली.

संध्याकाळी लुशीने बाळूला दोनदा फोन लावला. घाटावर माईक हातात असला की बाळू फोन घेत नाही. आणि घेतला असता तरी काय? मधे मीच लागलो असतो. दुसऱ्या दिवशी मावशी गोठ्यात असताना ती सॅक घेऊन माझ्या दाराशी आली. मावशीचा पुन्हा निरोप घेणं तिला जमत नव्हतं. मी तिला मोटारसायकलवरून लोणावळा स्टेशनला नेलं. गाडीला वेळ होता. समोरच्या चिक्कीच्या दुकानात ती आपली आपणच शिरली आणि मोडक्या मराठीत दुकानदाराला विचारलं, नारळ दिला म्हणजे काय? तो भला माणूस खो खो हसला. “नारळ दिला? कामावरनं काढला, मॅडम! फिनिश! घरी जा!” असं म्हणून त्याने हाताने हाकलल्याची खूणही करून दाखवली. तीही हसली. तिला वाटलं असेल, शहानिशा करून घेतली.

प्लॅटफॉर्मवर तिने खण सॅकमध्ये ठेवला आणि नारळ माझ्या हातात दिला. आईला परत दे, म्हणाली, माझ्याकडे ओझं होईल. मी मान डोलावली. तो नारळ घेऊन मी मावशीकडे कसा जाणार होतो?

बाळू त्याच संध्याकाळी परत आला. त्याच्या साध्या बटणांच्या फोनवर तिचा एकच इंग्रजी मेसेज आला होता, तो मी त्याला वाचून दाखवला — आईला सांग, मला समजलं, सगळ्यासाठी आभार. तो फोन माझ्यापुढे धरून विचारत राहिला, “समजलं म्हंजी? काय समजलं रं तिला?” मी म्हणालो, घरची आठवण आली असेल, यांचं असंच असतं, आज हितं, उद्या तितं. मग त्याने मला लिहायला बसवलं. आई वाट बघतीया म्हनावं. मी वाट बघतोय. मोडकातोडका हाय पर तुजाच हाय. हे बोलताना, आठ गावांना हसवणाऱ्या त्या माणसाचा आवाज फुटत होता. मी इंग्रजीत टाईप केलं — प्रवास सुखाचा होवो, आईच्या आणि माझ्या शुभेच्छा. त्याने पाठवायचं बटण स्वतःच्या अंगठ्याने दाबलं. तिचं उत्तर कधी आलं नाही.

पुढे तीन आठवडे बाळू कुठल्याही घाटावर उभा राहिला नाही. त्याच्या जागी कुणीतरी दुसरा, अळणी बोलणारा. मी मात्र एकही जत्रा चुकवली नाही. पहिल्या रांगेत बसलो. कुणी विचारलं, बाळू कुठंय, की मी म्हणायचो, “त्याला नारळ मिळाला.” लोक हसायचे. आता मला नारळ्या म्हणणारे कमी झाले होते. सूड शिळा झाला की कडू लागतो म्हणतात ना — मला नाही लागला. मी तो पुरवून पुरवून खाल्ला.

मावशी माझ्या हिशेबातच नव्हती. नेम धरला बाळूवर आणि लागला तिला. महिनाभराने एकदा तिने मला ओट्यावर बसवलं आणि म्हणाली, “पोरगी माज्यापायी गेली रं. बिनकुंकवाच्या हाताची ओटी. तिला लागली न्हाई.” मी म्हणालो, असं काही नसतं मावशे. “असतंय,” ती म्हणाली, “डोळ्यानं बघितलं की मी. पाया पडली, रडली, अन् सकाळी न्हाई.”

तिथे सांगता आलं असतं. एका दमात सगळं सांगता आलं असतं. पोरीचा नंबर होता, नारळ माझ्या माळ्यावर होता. मी का नाही सांगितलं? भीती वाटली म्हणून? ती तर होतीच. पण खरं कारण वेगळं आहे, आणि ते लिहायला मला आजचा अख्खा दिवस लागला. मी सांगितलं असतं तर ती परत आली असती. बाळूला ती मिळाली असती. मावशीचा हात निर्दोष ठरला असता, पण बाळू पुन्हा जिंकला असता. मी दोन्ही तोलून पाहिलं आणि मावशीला तसंच राहू दिलं.

त्यानंतर तीन जत्रा झाल्या. माझं लग्न झालं, बाळूचं झालं नाही. मावशी हळदीकुंकवाला जात नाही, कुणाच्या बाळाला पहिल्यांदा हातात घेत नाही, नव्या नवरीसमोरून जायचं झालं तर मागच्या दाराने जाते. पूर्वी एवढं नव्हतं.

गेल्या महिन्यात तिच्या थोरल्या लेकीच्या मुलीचा साखरपुडा झाला, मावशीच्याच अंगणात. मांडवात माईक बाळूकडे. सगळ्यांच्या खोड्या काढत होता, पण मी दिसलो तेव्हा नुसतं म्हणाला, “हा माजा भाऊ, सुनील.” आता तो माझ्यावर विनोद करत नाही. त्याला वाटतं, त्याच्या वाईट दिवसांत मी त्याच्याजवळ बसलो, त्याचा मेसेज लिहून दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि त्या टाळ्या ऐकताना माझ्या मनात काय आलं सांगू? एवढ्याने काय होतंय, असं आलं.

ओटीची वेळ झाली. बायका मावशीला पुढे ओढत होत्या, नात आजी आजी करत होती. मावशी दाराच्या आत सरकली. ताट माझ्या हातात दिलं, तांदूळ, खण, नारळ, आणि म्हणाली, “जावंकडं दी जा. माजा हात नगं.” मी तिथेच उभा राहिलो. मी का थांबलोय, हे तिने तिच्या परीने ओळखलं. माझ्या गालावर हात ठेवून म्हणाली, “तू त्या टायमाला चालतंय म्हनालतास, त्येचं मनाला लावून घेऊ नगंस. तुजा काय दोस? पोरगं तू. मलाच कळाया पायजे व्हतं.”

मी ताट घेऊन मांडवात गेलो. जावेने ओटी भरली. मी रिकामं ताट घेऊन परत आलो, तेव्हा मावशी दाराआडच उभी होती, तिथून तिला काही दिसलं नव्हतं.

“भरली का रं नीट?” तिने विचारलं.

मी म्हणालो, “व्हय.”